पाचवा बोल्ट

१९६९ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात फोक्सवॅगन-पोर्शे ९१४ ही बुटकी, दोन आसनी, मधोमध इंजिन असलेली गाडी लोकांसमोर आली, तेव्हाच तिची दोन रूपं ठरलेली होती. ९१४/४ मध्ये फोक्सवॅगन ४११ चं चार सिलिंडरचं १.७ लिटर, ८० अश्वशक्तीचं इंजिन. ९१४/६ मध्ये पोर्शे ९११ टी चं सहा सिलिंडरचं २ लिटर, ११० अश्वशक्तीचं. पत्रा तोच, दारं तीच, काढून ठेवता येणारं छप्परही तेच. चाकाजवळ वाकून पाहिलं तर मात्र एकीला चार बोल्ट आणि दुसरीला पाच. आज या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, आणि चार सिलिंडरवाल्या गाडीचे हब बदलून तिला पाच बोल्टांची चाकं लावायची हौस अजून कमी झालेली नाही. तशी गाडी कुणी उभी केली की जुना वाद निघतोच: ही सुधारणा की नासधूस? माझ्या मते या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, की चार आणि पाच हा फरक गाडीच्या गरजेतून आला. तो तसा आलेला नाही. तो दोन कंपन्यांच्या वाटणीतून आला आहे, आणि ते एकदा ध्यानात घेतलं की वादाचा रोख बदलतो.

मुळात दोन्ही कंपन्यांचं कूळ एकच. फेरी पोर्शेने १९४८ मध्ये पहिली ३५६ उभी केली ती फोक्सवॅगनच्या बीटलचे सुटे भाग घेऊन, त्यामुळे चाकंही बीटलचीच आली: पाच बोल्ट, २०५ मिलिमीटरच्या वर्तुळावर. आपल्याकडे अलॉयच्या दुकानात पहिला प्रश्न येतो ‘पीसीडी किती?’, त्याचं उत्तर म्हणजे हा आकडा, बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. २०५ वर चाकाच्या मधोमध भलं मोठं भोक राहतं आणि बोल्ट थेट ब्रेकच्या ड्रमच्या तोंडावर बसतात. ड्रम होते तोवर ही रचना झकास होती. डिस्क ब्रेक आले आणि अडचण झाली. कॅलिपरला रिम आणि हब यांच्यामध्ये जागा लागते, आणि एवढ्या रुंद वर्तुळाने ती सगळी खाल्लेली. पोर्शेने आधी जुनं चाक वाचवायचा आटापिटा केला. ३५६ करेरा २ ला कड्यासारखी डिस्क देऊन कॅलिपर तिच्या आतल्या बाजूला बसवला. हुशारीचं काम होतं, पण महागडं. १९६३ च्या ३५६ सी मध्ये कंपनीने तो नाद सोडला, नेहमीच्या धाटणीच्या डिस्क घेतल्या आणि पाच बोल्ट १३० च्या वर्तुळावर आणले. पुढच्या वर्षी ९११ नेही तेच उचललं. इकडे फोक्सवॅगनने १९६५ मध्ये आपल्या १६०० ला पुढे डिस्क दिल्या, तेव्हा तीही १३० वरच उतरली, पण चार बोल्ट घेऊन. म्हणजे कारण एक, व्यास एक, फरक फक्त संख्येचा. रोज हजारो गाड्या बाहेर काढणाऱ्या कारखान्याला दर चाकामागे एक भोक, एक आटा आणि एक बोल्ट वाचणं केवढ्याला पडत असेल, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

आता कुणी म्हणेल की जास्त ताकदीच्या गाडीला जास्त बोल्ट, यात वावगं काय? वावगं काही नाही, फक्त ते खरं नाही. ३५६ सी चं साधं इंजिन ७५ अश्वशक्तीचं होतं आणि तिला पाच बोल्ट होते. १९७३ मध्ये ९१४ चं २ लिटरचं चार सिलिंडर इंजिन आलं ते युरोपात १०० अश्वशक्तीचं, सहावालीपेक्षा फक्त दहाने कमी, तरी बोल्ट चारच राहिले. शिवाय चाक काही बोल्टांवर टांगलेलं नसतं. बोल्ट चाकाला हबच्या तोंडावर दाबून धरतात आणि त्या दाबातून येणारं घर्षण भार पेलतं. १४ मिलिमीटरचे चार बोल्ट नीट आवळले असतील तर ८० काय, १०० अश्वशक्तीच्या हलक्या गाडीलाही पुरून उरतात. तेव्हा ‘पाच बोल्ट म्हणजे जास्त सुरक्षित’ असं सांगून बदल करणाऱ्यांचाही दावा इथेच निकालात निघतो.

मग चार का? त्याचं उत्तर फोक्सवॅगनच्या व्होल्फ्सबुर्ग आणि पोर्शेच्या स्टुटगार्टच्या दफ्तरात आहे, किंवा खरं तर दफ्तरात नव्हतं म्हणूनच घोळ झाला. फोक्सवॅगनचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहॉफ आणि फेरी पोर्शे यांच्यात तोंडी बोलणं झालं होतं: गाडी पोर्शेने आखायची, चार सिलिंडरची फोक्सवॅगन म्हणून विकायची, आणि त्याच सांगाड्यात सहा सिलिंडर घालून पोर्शेने आपली गाडी करायची. एप्रिल १९६८ मध्ये नॉर्डहॉफ वारले. त्यांच्या जागी आलेले कुर्ट लोत्स त्या तोंडी शब्दाला बांधील नव्हते, आणि त्यांनी तसं दाखवूनही दिलं. अखेर दोन्ही कंपन्यांची मिळून विक्री कंपनी निघाली, पण सांगाड्याची किंमत पोर्शेला जड गेली. ओस्नाब्रुकला कार्मानच्या कारखान्यात सगळे सांगाडे बनत. चार सिलिंडरच्या गाड्या तिथेच पुऱ्या होत, सहाचे सांगाडे पोर्शेच्या झुफेनहाउझनला जात. जर्मनीत चारवाली साधारण १२ हजार मार्कांना, सहावाली १९ हजारांना, आणि थोडे पैसे घातले की सरळ ९११ टी च मिळायची. गिऱ्हाइकाने जे करायचं ते केलं. १९७२ मध्ये सहावाली बंद पडली तेव्हा तिच्या जेमतेम ३,३०० गाड्या झाल्या होत्या. चारवाली १९७६ पर्यंत चालली आणि लाखाच्या वर गेली.

या वाटणीच्या खुणा गाडीभर सापडतात. सहावालीची किल्ली पोर्शेच्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगच्या डावीकडे डॅशबोर्डवर, चारवालीची स्टिअरिंगच्या दांड्यावर. मात्र सगळ्यात बोलकी जागा पुढचं सस्पेन्शन आहे. दोन्ही गाड्यांना ते ९११ च्या आखणीचं आहे: तेच उभे स्ट्रट, तेच लांबीच्या दिशेने बसवलेले पीळ घेणारे टॉर्शन बार. चारवालीत सांगाड्यापासून चाकाकडे यावं तर सगळं पोर्शेचं, आणि शेवटच्या वीतभर जागेत, हब आणि ब्रेकपाशी, फोक्सवॅगनचं राज्य सुरू होतं. सीमा गाडीच्या आत पडली होती, आणि ती बोल्टांवरून मोजता येत होती.

म्हणूनच पुढच्या चाकांचा बदल इतका सोपा जातो. ९११ चे स्ट्रट, त्यांच्यासोबतचे हब, डिस्क आणि कॅलिपर हा संच थोड्या फेरफारात ९१४ ला बसतो, कारण तो बसावा असाच सांगाडा आखलेला आहे. मागे मात्र डोकं चालवावं लागतं. सहावालीचे मूळ हब दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे अनेक जण जुन्याच हबला नवी भोकं पाडून घेतात, आणि तिथे भूमिती आडवी येते. चार भोकं ९० अंशांवर, पाच ७२ अंशांवर. नवं एक भोक बरोबर जुन्या भोकावर आणलं तर त्याच्या दोन्ही बाजूंची नवी भोकं शेजारच्या जुन्यांपासून १८ अंश सरकतात, म्हणजे १३० च्या वर्तुळावर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण २० मिलिमीटर. १४ मिलिमीटरची भोकं धरली तर मध्ये सहाएक मिलिमीटर धातू उरतो. जुनी भोकं टाळून पाचही नवी पाडू म्हटलं तर? कसंही फिरवा, कुठलं तरी एक भोक जुन्यापासून नऊ अंशांच्या आतच येतं, दहा मिलिमीटरवर, आणि दोन्ही एकमेकांत शिरतात. म्हणजे एक जुनं भोक वापरणं ही पर्यायांतली एक वाट नाही, तेवढी एकच आहे. हे काम डोळ्याने आखून उभ्या ड्रिलवर करायचं नव्हे. वाटणी बिनचूक करणारं यंत्र आणि ते वापरणारा माणूस लागतो. मूळ चारवालीला चाक बोल्टने लागतं, ९११ ला हबमध्ये दाबून बसवलेल्या स्टडवर नटने, हाही फरक सांभाळावा लागतो. चकती अडकवून पीसीडी बदलायची सोयही बाजारात मिळते. ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट: चाक चकतीच्या जाडीएवढं बाहेर जातं, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बिघडतो.

खरा आक्षेप ब्रेकचा आहे, आणि तो फेटाळता येत नाही. पुढे ९११ चे मोठे कॅलिपर लावून मागचे तसेच ठेवले तर ब्रेकचा तोल पुढे झुकतो. त्यात मोठ्या कॅलिपरना तेल जास्त लागतं, त्यामुळे जुन्या १७ मिलिमीटरच्या मास्टर सिलिंडरने पेडल खोल जातं. सहावालीला १९ मिलिमीटरचा होता तो उगाच नाही. नवी चाकं मिरवायची म्हणून अर्ध्यावर सोडलेला बदल मूळ गाडीपेक्षा वाईट ठरतो, आणि असे अर्धवट बदल पुष्कळ झालेत. आपण रुंद चाकांसाठी हे करतोय, हे मालकाने सरळ कबूल केलं तर बरं. ९११ साठी बनलेली सहा, सात इंच रुंदीची फुक्स कंपनीची चाकं पाच बोल्टांची असतात आणि चारवालीला ती लागत नाहीत, एवढं साधं कारण त्यामागे आहे.

राहिला अस्सलपणाचा मुद्दा. तोतयेगिरीची भीती मला पटत नाही, कारण चारवालीचा सांगाडा-क्रमांक ४७ ने सुरू होतो आणि सहावालीचा ९१४ ने. बोल्टांवरून गाडीची जात ठरवणारा खरेदीदार फसला तर दोष बोल्टांचा नाही. जुनी वस्तू आहे तशी राखावी हा आग्रह मात्र रास्त आहे. हात न लागलेल्या चारवाल्या आता कमी उरल्या आहेत, आणि त्यांचे चार बोल्ट हा त्या कराराचा पत्र्यातला पुरावा आहे. अशा गाडीला ड्रिल लावायला मी सुचवणार नाही. पण जी आधीच गंजून, कापून, पुन्हा जोडून उभी केली आहे, तिच्याबाबतीत ‘कारखान्याने असं केलं नव्हतं’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण कारखान्याने अगदी असंच केलं होतं, त्याच सांगाड्यावर.

एवढंच नाही, पुढे पुन्हा केलं. ९१४ नंतर आलेली ९२४ मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली होती, आणि १९७६ मध्ये ती पोर्शेच्या नावाने बाजारात आली तेव्हा तिला चार बोल्ट होते, १०८ च्या वर्तुळावर. दोनएक वर्षांत तिची टर्बो निघाली. पोर्शेने तिला चारी चाकांना डिस्क दिल्या, आणि त्याच हाताने हबही बदलले: पाच बोल्ट, १३० वर.