उसना आवाज आणि स्वतःचा आवाज

नटाच्या भांडवलात पहिला मान आवाजाचा, हे संगीत नाटकावर पोसलेल्या मराठी श्रोत्यांना कोणी सांगावयास नको. म्हणूनच आज जी हकीकत मी सांगणार आहे, तिचा आरंभ त्यांना काहीसा चमत्कारिक वाटेल. १९६५ साली ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि बघता बघता जगभर गेला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या बहुमानासह पाच ऑस्कर पारितोषिके त्याने मिळविली. त्यातील कॅप्टन फॉन ट्रॅप हा करारी विधुर अखेरीस गाऊ लागतो, तेव्हा प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. परंतु तो गाणारा आवाज पडद्यावर दिसणाऱ्या नटाचा नव्हे. तो बिल ली नावाच्या गायकाचा. पडद्यावर जे दिसतात ते कॅनडाचे नटवर्य ख्रिस्तोफर प्लमर.

आपल्याकडे पार्श्वगायनाची रीत रुळलेली असल्यामुळे यात एवढे विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष इतकेच की, तोवर या नटाने उणीपुरी पंधरा वर्षे रंगभूमीवर आवाजाचीच साधना केली होती. आणि जगाने त्यांना ओळखले ते मात्र उसन्या गळ्याने! दैवाचा हा विनोद प्लमर यांना फारसा रुचला नाही. त्या चित्रपटाविषयी ते कित्येक वर्षे तुच्छतेने बोलत असत.

प्लमर यांचा जन्म १३ डिसेंबर १९२९ रोजी टोरंटो येथे झाला. कॅनडाचे एकेकाळचे पंतप्रधान सर जॉन ॲबट हे त्यांचे पणजोबा. आईवडील विभक्त झाल्यामुळे त्यांचे बालपण माँट्रिअलनजीक सेनव्हिल या गावी आईच्या छायेत गेले. पियानोवादक होण्याची उमेद काही काळ त्यांच्या मनात होती. पण नाटकाने त्यांना ओढून घेतले. माँट्रिअल हे दोन भाषांचे शहर. घराबाहेर पडले की दुसरी भाषा कानी येते, असा अनुभव सीमाभागातील आपल्या लोकांना नित्याचाच आहे. प्लमर यांनी त्याचा लाभ उठविला. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत नभोनाट्ये करीत त्यांनी आपला आवाज घडविला. नभोनाट्यात चेहरा कामास येत नाही, वेषभूषा कामास येत नाही. जे काही उभे करावयाचे ते शब्दोच्चारातूनच.

याच सुमारास कॅनडात एक अपूर्व घटना घडली. ऑन्टारिओ प्रांतातील स्ट्रॅटफर्ड हे आगगाड्यांच्या इंजिन-दुरुस्तीवर जगणारे लहानसे गाव. तो धंदा बसू लागला, तेव्हा टॉम पॅटर्सन या स्थानिक पत्रकाराने शेक्सपिअरचा नाट्योत्सव भरविण्याची कल्पना काढली. इंग्लंडहून टायरोन गथ्री हे दिग्दर्शक आले आणि १९५३ च्या जुलैत एका प्रचंड तंबूत ‘तिसरा रिचर्ड’ हे नाटक झाले. रंगमंच असा की, प्रेक्षक तीन बाजूंनी बसावेत आणि नटाला पडद्याचा आडोसाच मिळू नये. असल्या मंचावर नटाची लबाडी चालत नाही.

या मंचावर १९५६ साली प्लमर ‘पाचवा हेन्री’ म्हणून उभे राहिले. दिग्दर्शक मायकेल लँगम यांनी एक साधी परंतु धाडसाची युक्ती योजिली होती. नाटकात इंग्रज आणि फ्रेंच यांचे युद्ध आहे. तेव्हा फ्रेंच दरबाराच्या भूमिका त्यांनी क्वेबेकमधील फ्रेंचभाषी नटांना दिल्या. एकाच देशात राहून परस्परांकडे पाठ फिरविणारे दोन समाज त्या मंचावर समोरासमोर आले, आणि शेवटच्या तहाच्या प्रवेशाला नाटकाबाहेरचाही अर्थ प्राप्त झाला. त्याच प्रयोगांच्या काळात एके दिवशी प्लमर मूतखड्याच्या वेदनेने अंथरुणास खिळले. त्यांच्या जागी ऐन वेळी एक तरुण बदली नट उभा राहिला आणि त्याने प्रयोग तारून नेला. तो पुढे दूरचित्रवाणीवर नावारूपास आलेला विल्यम शॅटनर. पुढच्याच वर्षी तंबूच्या जागी पक्के नाट्यगृह उभे राहिले, आणि त्याचे उद्घाटन प्लमर यांच्या ‘हॅम्लेट’ने झाले.

१९६१ साली इंग्लंडमध्ये ‘बेकेट’ नाटकातील दुसऱ्या हेन्रीच्या भूमिकेबद्दल त्यांचा गौरव झाला. त्यानंतर आला तो कॅप्टन फॉन ट्रॅप. एखादा नट त्या कीर्तीवर जन्मभर सुखाने जगला असता. प्लमर पुनःपुन्हा नाटकाकडे वळले. रोस्ताँच्या ‘सिरानो’चे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले, तेव्हा नायकाची भूमिका त्यांनीच केली, आणि या वेळी गाणीही स्वतःच्या गळ्याने म्हटली. ते नाटक फार काळ चालले नाही. पण १९७४ साली संगीत नाटकातील सर्वोत्कृष्ट नटाचे टोनी पारितोषिक त्यांनाच मिळाले. ज्याचा आवाज नऊ वर्षांपूर्वी बदलण्यात आला होता, त्याच्या आवाजाला मिळालेला हा न्याय होय.

चित्रपट त्यांनी सोडला नाही. १९७५ च्या ‘द मॅन हू वुड बी किंग’मध्ये मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगची भूमिका त्यांनी मोठ्या संयमाने वठविली. परंतु त्यांची खरी उंची दिसते ती उतारवयात. १९९७ साली ‘बॅरिमोर’ या नाटकाबद्दल त्यांना दुसरे टोनी मिळाले. दारूने स्मृती आणि कर्तृत्व गमावून बसलेल्या एका थोर नटाची ती कहाणी. तरुणपणीच्या आपल्या मद्यासक्तीविषयी प्लमर यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. तेव्हा त्या भूमिकेत त्यांना आपलीच टळलेली दुर्दशा दिसली असल्यास नवल नाही. २००२ साली स्ट्रॅटफर्डच्याच मंचावर ते ‘किंग लिअर’ झाले आणि २०१० साली ‘द टेंपेस्ट’मधील वृद्ध जादूगार प्रॉस्पेरो. ज्या मंचाने राजपुत्र पाहिला, त्याच मंचाने म्हातारा राजाही पाहिला.

मग एकदाचा चित्रपटसृष्टीनेही मान दिला. ‘बिगिनर्स’मधील भूमिकेबद्दल २०१२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांना ऑस्कर मिळाले. हातातील पुतळीला उद्देशून ते म्हणाले की, तू माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. मग इतके दिवस होतीस कोठे? २०१७ साली दैवाने आणखी एक फेरा पुरा केला. ‘ऑल द मनी इन द वर्ल्ड’ हा चित्रपट तयार झाला असता त्यातील एका नटाला वगळण्यात आले आणि त्याच्या जागी प्लमर यांना बोलावण्यात आले. सुमारे नऊ दिवसांत पुनर्चित्रण उरकले, आणि ८८ व्या वर्षी पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळाले. ज्याच्या आवाजाच्या जागी एकदा परका आवाज बसविला गेला, तोच आता दुसऱ्याची जागा भरून काढीत होता. पन्नास-साठ वर्षांची तालीम गाठीशी नसती, तर ते नऊ दिवस कामास आले नसते.

५ फेब्रुवारी २०२१ रोजी, ९१ व्या वर्षी, प्लमर निवर्तले. मृत्युवार्तेत बहुतेक वृत्तपत्रांनी प्रथम नाव घेतले ते फॉन ट्रॅपचे. अखेरच्या काळात त्यांचाही त्या चित्रपटावरील राग निवळला होता. त्याने लोकांना दिलेला आनंद ते मान्य करीत. हे उचितच झाले. कीर्ती कोणत्या दाराने यावी हे नटाच्या हाती नसते. ती आल्यानंतर पुन्हा तालमीच्या जागी जाऊन बसणे मात्र त्याच्या हाती असते, आणि प्लमर यांनी ते जन्मभर केले.