आत्याचा बॅरल आणि डोक्यात अडकलेला बॉल

आजचा एपिसोड छोटा आहे, पण बरेच दिवस करायचा राहिला होता.

वडूजला आमच्या घरी पाणी जपूनच वापरायचे. खटाव तालुका म्हणजे दुष्काळी पट्टा. मी लहान असताना उन्हाळ्यात येरळेत नुसती वाळू असायची. अशा घरात माझी आत्या हात धुवायला बसली की बॅरल रिकामा व्हायचा. हाताची सालं निघायची, तरी ती उठायची नाही. आजी ओरडायची, "मुद्दाम करतीय!"

गल्लीत याला एक शब्द होता, मंत्रचळ. मंत्र आणि चळ. म्हणजे शब्दातच कारण सांगून टाकलंय, सोवळ्याच्या नादी लागून डोकं फिरलं. मग देवऋषी झाला, अंगारा झाला. आज आपण ओसीडी म्हणतो.

तिकडं युरोपातही फार वेगळं नव्हतं. 1909 मध्ये फ्रॉइडने असाच एक रुग्ण लिहून ठेवला आणि कारण शोधलं बालपणात, बापाबद्दलच्या दबलेल्या रागात. देवऋषी गेला आणि आईबाप आरोपी झाले, एवढाच फरक!

मेंदूकडं लक्ष गेलं ते एका साथीमुळं. 1917 मध्ये व्हिएन्नात फॉन इकॉनोमो या डॉक्टरने मेंदूला सूज आणणाऱ्या झोपेच्या आजाराचं वर्णन केलं. जे त्यातून वाचले, त्यातल्या काहींना नंतर विचित्र त्रास सुरू झाला. डोळे वर अडकायचे, आणि तेव्हा एकच विचार किंवा आकडे मोजणं थांबायचंच नाही. या आजारात मेंदूच्या आतल्या खोल गाठींना, म्हणजे बेसल गँग्लियाला, इजा झालेली सापडायची. जी माणसं आजारापूर्वी ठीकठाक होती, त्यांच्या बालपणाला दोष कसा देणार?

दुसरा धागा औषधाचा. क्लोमिप्रामिन बनलं होतं नैराश्यासाठी. 1960 च्या दशकाच्या शेवटी स्पेनमधल्या डॉक्टरांना दिसलं, की या धुण्या-मोजण्यालाही त्याने उतार पडतो. ते सेरोटोनिनवर जोरात काम करतं, म्हणून सेरोटोनिनचा सिद्धांत आला. पण एक सांगतो, पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळं ताप येतो असं नसतं. त्यामुळं "केमिकल लोचा" एवढ्यावर मी तरी थांबणार नाही.

मला पटतं ते सर्किटचं स्पष्टीकरण. टाकीतला बॉल अडकला की टाकी भरली तरी पाणी येतच राहतं, बरोबर? मेंदूचा पुढचा भाग "काहीतरी चुकलंय" अशी घंटा वाजवतो. कॉडेट नावाच्या भागाने ती गाळून "झालं, पुढं चल" म्हणायचं असतं. ओसीडीत तो बॉल अडकतो. हात स्वच्छ आहेत हे आत्याला कळत होतं, पण 'झालं' हे आतून येतच नव्हतं.

आणि आता खरी गंमत. 1992 मध्ये लॉस एंजेलिसला बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे मेंदू स्कॅन केले. काहींना गोळी दिली होती, काहींना फक्त वर्तनाची थेरपी, म्हणजे भीती वाटेल त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. ज्यांना गुण आला, त्यांच्या कॉडेटमधली जादा धावपळ दोन्ही गटांत कमी झाली होती. बिघाड मेंदूत आहे म्हणजे तो कायमचा आहे, असं नाही.

हे घराण्यातही थोडंफार येतं, एकच एक जीन मात्र नाही. गॅसचं बटण मीही दोनदा बघतो. पण दोनदा बघून झोप लागते, तोवर त्याला आजार म्हणू नका. झोप लागत नसेल तर 14416 या टेलि-मानसच्या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट.

आत्याला आम्ही शेवटी साताऱ्याला दाखवलं, फार उशिरा. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून हे सगळं सांगितलं. आत्याने एकच विचारलं, "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते ना?"

आजी शेजारीच बसली होती. एसटीत वडूज येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.