कैवार आणि कारागीर

वर्तुळ रेखणे ही मानवाच्या अतिप्राचीन विद्यांपैकी एक होय. यज्ञवेदी आखण्याकरिता आपल्या पूर्वजांनी शंकू रोवला, त्यास दोरी बांधली व ती ताणून फिरविली. शुल्बसूत्रांतील भूमिती या दोरीवरच उभी आहे. पुढे दोरीच्या जागी दोन पायांचे साधन आले. त्यास संस्कृतात कर्कट, जुन्या मराठीत कैवार व शाळकरी मुलांच्या भाषेत कंपास म्हणतात.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमाराच्या आपल्या ग्रंथात वर्तुळ भ्रमाने, सपाटी पाण्याने व लंब ओळंब्याने साधावा, असे सांगितले आहे. इ. स. ६२९ मध्ये त्यावर भाष्य करणाऱ्या पहिल्या भास्कराने भ्रम म्हणजे कर्कट, असा अर्थ दिला. हाच भास्कर आर्यभटाचा संबंध अश्मक देशाशी जोडतो. अश्मक देश गोदावरीकाठचा. त्याची राजधानी पोदन म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडील बोधन, असे अनेक विद्वान मानतात.

ग्रंथातील हे ज्ञान आपल्या पांचाळ समाजाच्या घरी हातात नांदत होते. बारा आऱ्यांचे गाडीचे चाक करताना सुतार त्रिज्येइतका कैवार उघडून परिघावर पावले टाकी. सहावे पाऊल बरोबर पहिल्या खुणेवर येई. सहा पुठे ठरत आणि प्रत्येकात दोन आरे बसत. लोहार धाव परिघाहून किंचित आखूड करी. ती तापवून चढविली व पाण्याने निवविली की चाक आवळून धरी. होट्टलसारख्या चालुक्यकालीन मंदिरांची आखणीही अशाच सूत, गुण्या व ओळंब्याच्या विद्येची साक्ष देते. परंतु ती करणाऱ्या बहुतेक हातांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.

याच्या उलट एक उदाहरण इटलीतील आहे. गॅलिलिओने १५९७ मध्ये बिजागरीने जोडलेल्या दोन सपाट भुजांचा, मापे कोरलेला एक गणिती कंपास तयार केला. त्याने प्रमाण, क्षेत्रफळ व तोफेचा कोन काढता येई. ही यंत्रे घडविण्यासाठी १५९९ मध्ये त्याने मार्कांतोनिओ मात्सोलेनी नावाचा कारागीर घरी ठेवला. १६०६ मध्ये यंत्राची माहितीपुस्तिका छापली. तिच्या प्रती अवघ्या साठ. चारशे वर्षांनंतरही मात्सोलेनीचे नाव आपणांस ठाऊक आहे, ते गॅलिलिओच्या हिशेबाच्या नोंदींमुळे. त्याचे कसब आपल्या कारागिरांहून अधिक होते म्हणून नव्हे. त्याचे नाव लिहिले गेले म्हणून.

आता आराखडे संगणकावर निघतात. पितळी व जर्मन सिल्व्हरच्या जुन्या ड्रॉइंगपेट्या आणि वाडवडिलांचे लोखंडी कैवार भंगाराच्या तागडीत जात आहेत. आपली मुले दप्तरात कंपासपेटी बाळगतात. परंतु तेच साधन आजोबांच्या उपजीविकेचे होते, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते.

म्हणून समाजबांधवांस नम्र विनंती अशी की, येत्या खंडेनवमीस हत्यारांची पूजा झाल्यावर वही घ्यावी. प्रत्येक हत्याराचे नाव, माप, ते कोणी घडविले, कोणी वापरले व कोणत्या गावी, हे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगावे आणि मुलांनी लिहावे. हत्यार गंजेल, हरवेलही. लिहिलेले नाव मात्र पुढील पिढीच्या हाती राहील.