मुठीला कान लावा

आधी दगड लावा. मागच्या चाकाला, घट्ट. हँडब्रेकवर बाबांचा भरवसा नाही, आणि खंडाळ्याच्या घाटात तर मुळीच नाही.

तुम्ही अकरा वर्षांचे आहात. मे १९७६, भर दुपार. पुण्याला आत्याकडे लग्न आहे. मागे आई, आजी, धाकटी बहीण आणि आंब्याची पेटी. पुढच्या सलग सीटवर बाबा, काका आणि मधोमध तुम्ही. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे, म्हणून पुढे तिघं ऐसपैस मावतात. खोपोली सोडून चढ लागला, गाडीनं दोनदा आचके दिले आणि वळणावरच बंद पडली.

बाबा चिडत नाहीत. बॉनेट उघडतात, आईकडून पंचा मागून घेतात, पाण्यात बुडवून पिळतात आणि पेट्रोल पंपाभोवती गुंडाळतात. पंचा चुरचुरतो. "पेट्रोलची वाफ झालीय," ते सांगतात. "वाफ पुढे ढकलायला पंपाला जमत नाही. थंड झाला की आपोआप ओढेल." रेडिएटरच्या झाकणाकडे तुमचा हात जातो, तसा तो पटकन मागे ओढला जातो. पहिल्या गिअरमध्ये कण्हत ट्रक वर चढत असतात. पुढे शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर खिडकीतून नाणं टाकतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, अशी गोष्ट आजी सांगते. वीस मिनिटांत गाडी चालू होते. नाणं टाकायचा मान तुमचा.

ही प्रीमियर पद्मिनी. नंबर लावून काही वर्षं वाट बघितली, तेव्हा दारात आली. कुर्ल्याला बनलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या कंपनीत फियाटच्या परवान्यावर १९६४ पासून हे मॉडेल बनत होतं, आणि १९७४ मध्ये त्याचं नाव पद्मिनी झालं. घरात मात्र सगळे तिला 'फियाट'च म्हणतात. १०८९ सीसीचं इंजिन, थंडीत चोक ओढून ठेवावा लागणारं. दसऱ्याला झेंडूची माळ आधी तिला, मग दाराला.

आता तीन वर्षं पुढे या. परळच्या पुलाखालचं गॅरेज, पावसाळा नुकताच सरलेला. गाडी मिसिंग मारतेय. मिस्त्रींनी प्लग काढून कार्बन घासलाय, पॉइंट पॉलिश पेपरनं साफ करून गेजच्या पातीनं अंतर लावलंय. आता ते लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलतात. टोक चालू इंजिनाच्या झाकणावर टेकवतात आणि मूठ तुमच्याकडे करतात.

"कान लाव, बाळा."

लावा. आधी नुसती घरघर. मग तिच्या आत एकसारखी टिकटिक, आईच्या शिवणयंत्रासारखी. मिस्त्री टोक चार बोटं सरकवतात. इथं टिकटिक जरा जाड आहे. "हा टॅपेट. वाजतोय म्हणून घाबरायचं नाही. अगदीच गप्प झाला तर घाबरायचं. फट उरली नाही की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, आणि मग जळतो." लाकूड कानाच्या हाडाला लागून थरथरतं. मुठीला रॉकेलचा वास आहे. त्या दिवशी घरी येताना रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा आवाज तुम्हाला वेगळा ऐकू येतो. एका कानाला आयुष्यभर पुरेल एवढी शिकवणी पाच मिनिटांत झाली, असं मला खरोखर वाटतं.

मारुतीची वर्षं भराभर ओलांडू. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून पहिली चावी दिली गेली. तुमच्याकडे ती आली चार वर्षांनी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पहिल्या फटक्याला सुरू. घाटात ती एकदाही तापली नाही. पद्मिनी विकली त्या दिवशी बाबा गॅलरीत आले नाहीत.

३० ऑक्टोबर २०२३. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून आजपासून रस्त्यावर त्या नाहीत. तुम्ही दादरच्या सिग्नलला उभे राहून उगाच काळ्यापिवळ्या रांगेकडे बघता. सगळ्यांची नाकं नव्या धाटणीची.

आणि आता हा रविवार. पार्किंगमध्ये तुमची नवी गाडी, छोट्या इंजिनाची, टर्बो. बाबांच्या काही सवयी तुम्ही जड मनानं सोडल्यात. त्यांच्यासारखं नळाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत नाही. क्षार आणि गंजानं आतले बारीक मार्ग खराब होतात, म्हणून ठरलेलं कूलंटच. कपडे धुण्याची पावडर रंगाला लावत नाही. टायरची हवा मात्र त्यांच्याचसारखी सकाळी, गाडी हलायच्या आधी बघता. चालून गरम झालेल्या टायरचा आकडा वाढीव येतो. लांबच्या चढावरून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ चालू ठेवता. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघता.

गेले पंधरा दिवस एक बारीक किर्र ऐकू येतेय. सर्व्हिस सेंटरनं कॉम्प्युटर लावला, एकही फॉल्ट कोड आला नाही, गाडी ओके म्हणून परत दिली. बेअरिंग घासायला लागल्याचं त्या यंत्राला कळणार कसं? त्याला सेन्सर सांगेल तेवढंच कळतं.

नात शेजारी येऊन उभी राहते. तुम्ही इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढता, तिची ओढणी आवरून खोचायला लावता, फिरणाऱ्या पट्ट्यापासून तिला हातभर लांब उभं करता. डिकीतून तो लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढता. गॅरेज बंद झालं तेव्हा मिस्त्रींच्या मुलानं दिलेला. टोक आधी अल्टरनेटरच्या अंगावर. स्वच्छ. मग पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीच्या बोल्टवर.

वाळू भरडल्यासारखं वाजतंय. पुली तीच.

स्क्रूड्रायव्हर तुम्ही तसाच धरून ठेवता आणि मूठ तिच्याकडे करता. ती केस मागे सारते, कान टेकवते. तिच्या भुवया वर जातात.

"आजोबा, हे आत आहे?"