खुर्चीचा कर्ता कोण?

साहित्यकृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न आपण वर्गात वारंवार चर्चेला घेतो. एखाद्या आरामखुर्चीविषयी तोच प्रश्न विचारला तर उत्तर तितकेच अवघड ठरते, असे आम्हांला वाटते. कोपनहेगनमधील एका खुर्चीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

कारखान्यातील फर्निचरमुळे धंदा धोक्यात आल्यावर तेथील सुतारसंघाने १९२७ पासून वार्षिक प्रदर्शने भरवण्यास प्रारंभ केला. ती १९६६ पर्यंत चालली. या प्रदर्शनांमुळे वास्तुरचनाकार आणि कसबी सुतार एकत्र काम करू लागले. फिन यूल आणि नील्स वोडर यांचे सहकार्य १९३७ पासूनचे. यूल हे शिक्षणाने वास्तुरचनाकार. सुतारकाम ते शिकलेले नव्हते.

१९४९ च्या प्रदर्शनात या दोघांची एक भव्य आरामखुर्ची मांडली गेली. राजे नववे फ्रेडरिक तीत बसले, तेव्हा तिला राजाची खुर्ची म्हणावे अशी सूचना पुढे आली. यूल यांनी मात्र ‘सरदाराची खुर्ची’ हे नाव पसंत केले, असे सांगतात. तिच्यात पेलणारा लाकडी सांगाडा आणि पेलली जाणारी, चामड्याने मढवलेली बैठक व पाठ स्पष्टपणे वेगळी दिसतात. त्यामुळे बैठक अधांतरी तरंगत असल्याचा भास होतो. सांगाड्याचे दांडे निमुळते होत, वळत एकमेकांत मिळतात.

कागदावर वळण काढणाऱ्याच्या हाताला लाकडाचा विरोध जाणवत नाही. लाकडाचे बळ त्याच्या रेषांच्या दिशेने असते. त्या आडव्या छेदल्या गेल्या की वळण कमकुवत होते. म्हणून कोणता तुकडा निवडावा, सांधा कोठे घ्यावा, हे निर्णय खुर्चीचे आयुष्य ठरवतात. यूल यांची रेषा वोडर यांच्या कसबावाचून उभी राहिली नसती. आणि केवळ सुतारकामाच्या परंपरेतून ती रेषा सुचली असती, असेही म्हणता येत नाही.

त्याच वर्षी हान्स वेग्नर यांची ‘गोल खुर्ची’ही प्रदर्शनात आली. वेग्नर स्वतः सुतारकाम शिकलेले. तरीही ती घडली योहानेस हान्सेन यांच्या कार्यशाळेत. आज हान्सेन यांचे नाव अभ्यासकांबाहेर क्वचितच ऐकू येते.

वोडर यांच्या कार्यशाळेतील खुर्च्यांवर डागून उमटवलेल्या मुद्रेत सुतार म्हणून वोडर आणि रचनाकार म्हणून यूल, अशी दोन्ही नावे आढळतात. ‘सरदाराची खुर्ची’ आजही तयार होते; ती बनवणाऱ्या कंपनीच्या नावात मात्र एकट्या यूल यांचेच नाव आहे.

आपल्या ग्रंथेतिहासात जुळारी आणि मुद्रितशोधक यांची अवस्था याहून फारशी निराळी नाही. कर्तृत्वाची चर्चा करताना आम्हांला म्हणूनच ती दोन नावांची मुद्रा आठवते. ती पाहायची तर खुर्ची उलटी करावी लागते.