त्याच दिवशी आलेली स्थगिती

बांधाचा वाद असो की चाळीतल्या खोलीचा ताबा, एक वाक्य आपल्याकडे हमखास कानावर येतं : 'आम्ही वरच्या कोर्टातून स्टे आणलाय!' अपील केलं की खालचा निकाल आपोआप थांबतो, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तसं नाही. नुसत्या अपिलानं हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहिता स्पष्ट सांगते. स्थगिती मागावी लागते, तिला पुरेसं कारण लागतं, तारणही द्यावं लागतं. फौजदारी खटल्यातही शिक्षा थांबवायची की नाही, हे अपील ऐकणारं न्यायालय ठरवतं.

पण ही स्थगिती न्यायालयाऐवजी सरकारनंच दिली तर? हा प्रश्न १९६० साली आपल्या मुंबईत उभा राहिला होता, आणि तोही अतिशय गाजलेल्या एका खटल्यात. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांचा तो खटला.

२७ एप्रिल १९५९ रोजी नानावटींच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. आपल्या पत्नीचे आहुजांशी संबंध असल्याचं नानावटींना त्याच दिवशी कळलं होतं. सत्र न्यायालयात ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना हा कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. हा खटला लोकांच्या लक्षात राहिला तो त्यातल्या प्रेमत्रिकोणामुळे आणि ज्युरीमुळे. पुढे त्यावर चित्रपटही निघाले. मला मात्र त्यातलं एक वेगळंच पान महत्त्वाचं वाटतं.

११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयानं नानावटींना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयात करायच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, आणि तोवर नानावटींनी 'आयएनएस कुंजाली'मधल्या नौदलाच्या कोठडीत राहायचं, असा तो आदेश. ध्यानात घ्या, अपील अजून दाखलही झालेलं नव्हतं. सत्र न्यायालयानं काढलेलं अटकेचं वॉरंट बजावणी न होताच परत आलं.

राज्यपालांना असा अधिकार आहे का? आहे. राज्यघटनेच्या १६१व्या कलमानुसार ते शिक्षा माफ करू शकतात, कमी करू शकतात, स्थगितही करू शकतात. उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी या आदेशाचा विचार केला आणि तो अवैध म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. दरम्यान १ मेला द्वैभाषिक मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र अस्तित्वात आला, तरी हा पेच सुटला नव्हता.

नानावटी सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा त्यांच्यापुढे तिथला एक नियम उभा राहिला : शिक्षा झालेल्यानं आधी शरण यावं, मगच त्याचा अर्ज सुनावणीला लागेल. राज्यपालांच्या आदेशामुळे मी नौदलाच्या कोठडीत आहे, तेव्हा मला या नियमातून सूट द्या, अशी त्यांची विनंती होती. तिच्यावर पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ बसलं. त्यात आपले मराठी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरही होते.

५ सप्टेंबर १९६० रोजी चार विरुद्ध एक मतानं निकाल लागला. राज्यपालांचा अधिकार बहुमतानं नाकारला नाही. फक्त त्याची हद्द आखून दिली. सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल होईपर्यंत राज्यपालांची स्थगिती चालेल. अर्ज दाखल झाला की प्रकरण न्यायप्रविष्ट होतं, आणि मग शिक्षा थांबवायची की नाही, हे त्या न्यायालयानंच ठरवायचं. सूट नाकारली गेली. न्यायमूर्ती कपूर यांनी वेगळं मत नोंदवलं. घटनेनं दयेच्या अधिकाराला अशी काळाची मर्यादा घातलेली नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तोही वजनदार होता, हे मान्य करायला हवं.

तरीही मला बहुमताचं म्हणणं पटतं. स्थगिती ही दया नव्हे. अपील जिंकूनही काही उपयोग होऊ नये, अशी वेळ अपील करणाऱ्यावर येऊ नये म्हणून केलेली ती तात्पुरती सोय आहे. ती देताना दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं जातं, अटी घातल्या जातात, गरज पडली तर ती उठवताही येते. राज्यपालांच्या आदेशात दुसरी बाजू ऐकण्याची सोय नसते. आणि ज्याच्यासाठी राजभवनाचं दार निकालाच्याच दिवशी उघडत नाही, अशा सामान्य कैद्यानं काय करायचं?

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नानावटींचं अपील फेटाळलं, जन्मठेप कायम झाली. गोष्ट मात्र तिथे संपली नाही. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली आणि ते सुटले. ज्या कलमाचा आधार १९६० साली पुरा पडला नव्हता, त्याच कलमानं चार वर्षांनी त्यांची सुटका केली. आता अपील संपलेलं होतं, न्यायालयाचं काम पुरं झालेलं होतं. ती माफी योग्य होती की नाही, यावर आजही वाद घालता येईल. पण ती देण्याची वेळ चुकलेली नव्हती.

दिवाणी दावा असो की फौजदारी खटला, 'स्टे आणलाय' असं कुणी छाती फुगवून म्हणालं की मला हा सारा प्रकार आठवतो. स्टे आणला म्हणजे दावा जिंकला असं नव्हे. निकाल थोडा वेळ थांबलेला असतो, एवढंच. तो कुणी थांबवायचा, हे ठरवायला मात्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पाच जणांचं पीठ बसवावं लागलं होतं.