हैदराबादची थंडी आणि गाडीचा सेल्फ

हैदराबादेत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा साधारण 12 ते 15 अंशांवर असतो, कधी दहाच्याही खाली उतरतो. जानेवारी 1946 मधली 6.1 अंशांची नोंद शहराची नीचांकी समजली जाते. एवढ्या थंडीत रेडिएटरमधले पाणी गोठत नाही. पण ऑइल घट्ट होते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि बॅटरीचा जोर उतरतो.

शहरातल्या पहिल्या मोटारी हँडल मारून सुरू होत. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, 1911 मध्ये मागवलेली आणि आज चौमहल्ला राजवाड्यात असलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टही त्याच काळातली. त्या मॉडेलला विजेचा स्टार्टर, म्हणजे सेल्फ, 1919 मध्ये मिळाला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला स्टार्टर मात्र कॅडिलॅकच्या 1912 च्या गाड्यांवरच आला होता.  

स्वातंत्र्यानंतर रस्त्यावर अँबेसडर आणि फियाट आल्या. फियाटचीच 1974 मध्ये प्रीमिअर पद्मिनी झाली. या गाड्यांतली ठिणगी डेल्कोमधल्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या) सीबी पॉइंटवर, म्हणजे प्रवाह तोडणाऱ्या संपर्कावर, अवलंबून असे. दोन पॉइंटमधले अंतर जेमतेम 0.4 मिलिमीटर; पॉइंट घासले, जळले किंवा कंडेन्सर कमजोर झाला, की दुपारी चालणारी गाडी पहाटे रुसे. त्यात दवाने डेल्कोची कॅप ओली झाली तर ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच तिथल्या बारीक भेगेतून पळून जाई. कॅप कोरड्या फडक्याने पुसली आणि गाडी लागली, तर दोष तिथेच, हे जुन्या मिस्त्रीला ठाऊक होते. सिकंदराबादच्या रानीगंज बाजारात या गाड्यांचे पॉइंट, कंडेन्सर, कॅप हे सारे सुटे मिळे, म्हणून दुरुस्ती स्वस्त पडे.

खरा गुन्हेगार मात्र बहुतेक वेळा बॅटरी असते, आणि तिचे नुकसान उन्हाळ्यात होते. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत पाणी उडते आणि प्लेटा गंजतात. तरीही उष्णतेत रासायनिक क्रिया जलद चालत असल्याने सेल्फ फिरत राहतो, दोष झाकला जातो. डिसेंबरात तापमान उतरते, दर अंशामागे क्षमता सुमारे एका टक्क्याने घटते, आणि झाकलेला दोष उघडा पडतो. हैदराबादच्या मालकाला हे समजले पाहिजे: थंडी बॅटरीला मारत नाही, उन्हाने आधीच मारलेली बॅटरी ती दाखवून देते. डायनामोच्या गाड्यांत भर अशी, की मंद गतीला डायनामो नीट चार्ज करीत नाही. दिवे लावून केलेल्या छोट्या फेऱ्यांनी बॅटरी अर्धवट राहते.

14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 आली. पुढे कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणी आणि तिचे नियंत्रण करणारे इसीयू आले. हैदराबादेत एप्रिल 2005 पासून भारत स्टेज 3 निकष लागू झाले, त्यामुळे नव्या पेट्रोल गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स अटळ झाले. मालक ओढत असे त्या चोकचे काम आता एका सेन्सरच्या भरवशावर राहिले. शीतक पाण्यातला हा सेन्सर 20 अंशांना साधारण अडीच किलोओहम रोध दाखवतो, 80 अंशांना काही शे ओहम. तो बिघडून पहाटेच इंजिन गरम असल्याचे सांगू लागला, की इसीयू पेट्रोल कमी सोडते आणि गाडी लागत नाही. तपासणी सोपी आहे: रात्रभर उभ्या गाडीत शीतक पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर जवळजवळ सारखेच दिसायला हवे. गाडीतलीच दोष सांगणारी ओबीडी यंत्रणा 2010 पासून बंधनकारक झाल्याने त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत हे काम मल्टिमीटरनेच करावे लागते.

बंद गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर इसीयूच गोंधळते आणि दोष सेन्सरचा वाटतो. टर्मिनलवरची पांढरी भुकटी आणि बॉडीला जोडलेली सैल अर्थ-पट्टीही असाच घोटाळा करतात. म्हणून जुन्या गाडीत आधी बॅटरी, मग टर्मिनल आणि अर्थ, त्यानंतरच सेन्सर तपासावा, आणि बॅटरीची परीक्षा डिसेंबरची वाट न बघता पावसाळा संपताच करून घ्यावी.